सलग तीस दिवसांची गैरहजेरी

सलग तीस दिवस एखादं मूल शाळेत आलं नाही आणि घरच्यांनीही काही कळवलं नाही, तर मुख्याध्यापकांनी ती गैरहजेरी जिल्ह्याच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे बालकामगार कायद्याच्या कामासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला, कळवायची असते. या कायद्याच्या नियमांत २०१७ साली ही तरतूद आली. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या खानापूर तालुक्यातल्या ज्या ज्या शिक्षकांना मी याबद्दल विचारलं, त्यातल्या फार थोड्यांना ती माहीत होती. मलाही गरज पडली तेव्हाच कळली. माझ्या वर्गातला एक मुलगा या नियमाचा धागा धरून परत आला, ती हकिकत इथं लिहिते आहे. मुलाचं, गावाचं आणि तो ज्या शहरात होता त्याचं नाव देत नाही. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ नुसार अशा मुलाची ओळख उघड करायला बंदी आहे, आणि बंदी नसती तरी मी ती दिली नसती.

विटा, खानापूर, आटपाडी हा आमचा दुष्काळी पट्टा. इथल्या माणसांना गलाईनं जगवलं. जुने दागिने वितळवायचे, त्यातलं सोनं-चांदी शुद्ध करून द्यायचं, हा तो धंदा. पंजाबपासून केरळपर्यंत कुठल्याही मोठ्या सराफ बाजारात जा, आसपासच्या गल्लीत आमच्याकडचा माणूस भेटतो. या धंद्यावर गावाकडं घरं उभी राहिली, लग्नं झाली, देवळांचे जीर्णोद्धार झाले. गलाई करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण अठरा पूर्ण झालेला पोरगा भट्टीवर बसतो ते वेगळं आणि आठवीतला बसतो ते वेगळं.

२०२४ ची दिवाळीची सुट्टी संपली आणि हा मुलगा वर्गात आला नाही. "बाई, त्यो गेला गलाईला," मुलांनी सांगितलं. बाजारला गेला म्हणावं इतक्या सहज. आठवडाभर वाट पाहून मी घरी गेले. वडील वारलेले, आई दुसऱ्यांच्या द्राक्षबागेत रोजानं जाते. "दीर म्हणालं, हितं ऱ्हाऊन काय करणार, माझ्याबरं चल. मालकानं तीस हजार उचल दिलीया. ह्यांच्या दवाखान्याचं देणं फिटलं त्यात. म्या तरी काय करू वो बाई?" काय उत्तर देणार होते मी? महिन्याला सहा हजार पगार ठरला होता, तो उचलीत वळता व्हायचा. म्हणजे पोराच्या हातात रुपयाही नाही.

आईनं फोन लावून दिला. पडद्यावर तो आला, हसला, बाई म्हणून हात हलवला. त्याच्या बोटांची टोकं पिवळी पडली होती. मी विज्ञान शिकवते. नायट्रिक आम्ल कातडीला लागलं की असा पिवळा डाग पडतो, तो धुऊन जात नाही. सोन्यातली चांदी-तांबं काढायला हेच आम्ल वापरतात, आणि ते तांब्या-चांदीवर पडलं की तपकिरी वायू निघतो. तो छातीत गेला तर फुप्फुसाला सूज येते, कधी कधी कित्येक तासांनी. पाठ्यपुस्तकातला आम्लांचा धडा मी शिकवला होता तेव्हा हा मुलगा पुढच्या बाकावर होता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मुख्याध्यापकांकडं गेले तेव्हा ते गप्प झाले. सर वाईट नाहीत. पण दुकानाचा मालक शेजारच्या गावचा, शाळेला मदत करणारा. शिवाय गैरहजर मुलं लेखी दाखवली की पटाचा प्रश्न निघतो, पट घटला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून पदं ठरतात तेव्हा, शिक्षकाचं पद जातं, म्हणून बऱ्याच शाळा अशी मुलं हजेरीपटावर तशीच ठेवून देतात. यात नुकसान कुणाचं होतं ते मी सरांना बोलून दाखवलं. नियमाची प्रत त्यांच्यापुढं ठेवली. डिसेंबरात तीस दिवस भरले तेव्हा त्यांनी सही केली. पत्रात फक्त चार गोष्टी होत्या: मुलाचं नाव, जन्मतारीख, कधीपासून गैरहजर, आणि चौकशीत कळलेलं ठिकाण. आरोप एकही नव्हता. असंच पत्र लिहावं असं मी आता सगळ्यांना सांगते, कारण अशा पत्रावर सही करायला कुणाला भीती वाटत नाही आणि पुढं तेच पत्र पुरावा म्हणून उभं राहतं.

त्याच दिवशी १०९८ या मुलांसाठीच्या मदतक्रमांकावर फोन केला. फोन करणाऱ्यानं स्वतःचं नाव दिलंच पाहिजे असं नाही, मी दिलं. पलीकडच्या ताईंनी शांतपणे सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, "दुकान नेमकं कुठं?" तेच माहीत नव्हतं. तमिळनाडूतलं मोठं शहर, एवढंच. व्हिडिओ कॉलच्या वेळी मुलाच्या पाठीमागं दारातून समोरच्या दुकानाची पाटी दिसत होती, तमिळमधली. तिचा फोटो काढून मी गावातल्या एका जुन्या गलाईवाल्या आजोबांना दाखवला. त्या शहरात त्यांची उभी हयात गेलेली. त्यांनी पाटी वाचली, गल्लीचं नाव सांगितलं, कोपऱ्यावरच्या देवळाची खूणही सांगितली. "बाई, आमच्या येळंला बी लेकरं न्ह्यायची. म्या बी तसाच गेलतो. हे थांबवा," म्हणाले. आपलं नाव कुठं येऊ देऊ नका एवढीच त्यांची अट होती, ती मी पाळते आहे.

पत्ता मिळाला तरी गाडी अडलीच. एका सरकारी कार्यालयात सांगितलं, राज्याबाहेरचं प्रकरण आमच्या हातात नाही. त्याच टेबलावर आणखी एक वाक्य ऐकलं: "फेब्रुवारीत चौदा पूर्ण होतायत ना त्याला? मग काय उरतंय?" या प्रश्नाचं नीट उत्तर मी शोधून काढलं, ते लिहिते, कारण तो सगळीकडं विचारला जातो.

बालकामगारांचा मूळ कायदा १९८६ चा, त्यात मोठी दुरुस्ती २०१६ ला झाली. चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही कामावर ठेवायचं नाही, काम घातक असो वा नसो. चौदा ते अठरा या वयाला कायदा किशोर म्हणतो. त्यांना खाणी, ज्वालाग्राही पदार्थ, स्फोटकं आणि परिशिष्टातल्या घातक प्रक्रियांमध्ये ठेवायला बंदी. बाकी काम चालतं, पण विश्रांती धरून दिवसाला सहा तासांच्या वर नाही, संध्याकाळी सात ते सकाळी आठ अजिबात नाही, आठवड्याची सुट्टी हवी. म्हणजे आमच्या मुलाचा वाढदिवस उलटला असता तर त्याचं काम परिशिष्टात बसतं की नाही, यावरून वाद झाला असता. आधीचा गुन्हा मात्र वाढदिवसानं पुसला जात नाही. आणि बाल न्याय अधिनियमाचं कलम ७९ अठरा वर्षांपर्यंत लागू आहे. मुलाला कामासाठी बांधून ठेवणं किंवा त्याची कमाई अडवून ठेवणं, याला त्यात पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड आहे. उचलीत पगार वळता करणं म्हणजे दुसरं काय? तरीसुद्धा फेब्रुवारीच्या आत त्याला बाहेर काढायचं, हे मी मनाशी पक्कं केलं होतं.

रस्ता सापडला तो सांगलीत, बाल कल्याण समितीपुढं. जिल्हा बाल संरक्षण कक्षातल्या एका मुलीनं मला तिकडं नेलं. मी आईला बरोबर घेऊन गेले होते. एसटीत ती एकच विचारत होती, "मलाच आत टाकत्यात का वो?" बालकामगार कायद्यात आईबापांसाठी वेगळी तरतूद आहे, पहिल्या वेळेला त्यांना शिक्षा नाही. पुन्हा केलं तर दहा हजारांपर्यंत दंड. हे मी तिला सांगितलं, समितीच्या बाईंनी पुन्हा सांगितलं, तेव्हा ती बोलती झाली. तिचा जबाब, शाळेचं पत्र, पाटीचा फोटो आणि गल्लीचं नाव असं सगळं सांगलीच्या समितीनं तिकडच्या समितीला ईमेलनं पाठवलं.

जानेवारीत एका संध्याकाळी तिकडून फोन आला. पोलीस, कामगार खात्याचा निरीक्षक आणि बाल संरक्षणाची माणसं दुकानात पोचली होती, मुलगा सापडला होता. पण मालकानं आधार कार्ड पुढं केलं आणि त्यावर वय अठराच्या वर. तारीख बदलून घेतलेली. "शाळेचा पुरावा लगेच पाठवा," फोनवरच्या बाई इंग्रजीत सांगत होत्या.

लिपिक भाऊंना घरून बोलावलं, शाळा उघडली. जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेत दाखल मुलांची नोंदवही, काढलं. मुलाच्या नावापुढं जन्मतारीख अंकात आणि अक्षरात, दोन्ही. बाल न्याय अधिनियमाचं कलम ९४ सांगतं की वय ठरवताना आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर पंचायत-पालिकेचा जन्मदाखला, आणि हे काहीच नसेल तरच हाडांची वैद्यकीय चाचणी. आधार या क्रमात कुठंच नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अपघात भरपाईच्या एका खटल्यात हेच म्हटलं: आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही, शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य. रजिस्टरचा उतारा मराठीत, तिकडं कोण वाचणार? खाली इंग्रजीत लिहून मुख्याध्यापकांची सही आणि गोल शिक्का घेतला. सर स्वतः मोटारसायकलवर आले होते, हे सांगायलाच हवं. सकाळी ग्रामपंचायतीतून जन्मनोंदीचा उताराही मिळवला. दोन्हीकडं तारीख तीच. मुलाची पहिली नोंद जिल्हा परिषदेच्या शाळेत, बरोबर सहाव्या वर्षी झालेली, त्यामुळं शंकेला जागाच राहिली नाही.

मग मालकानं दुसरी वाट काढली. मुलगा चुलत्याला मदत करतो, घरचाच धंदा आहे, त्याला बालकामगार कायद्यात सूट आहे. सूट आहे हे खरं, आणि कुटुंबाच्या व्याख्येत चुलता-मामाही येतात. ही पळवाट फार मुलांना गिळते असं माझं स्पष्ट मत आहे. पण सूट आहे ती फक्त शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, स्वतःच्या कुटुंबाच्या उद्योगात, आणि काम घातक नसेल तर. इथं चुलता स्वतःच पगारी कारागीर, दुकान मालकाच्या नावावर. आणि माझ्या हजेरीपटावर दिवाळीपासून रोज गैरहजेरीची खूण. शाळेच्या वेळात मुलगा कुठं होता, हे त्या पटानं सांगितलं. हजेरी रोजच्या रोज, खरीखुरी घ्यावी, यासाठी मला आता कुणी वेगळं कारण विचारू नये.

गुन्हा तिकडं नोंदला गेला. २०१६ पासून हा दखलपात्र गुन्हा आहे, पोलिसांना थेट कारवाई करता येते. शिक्षा सहा महिने ते दोन वर्षं कैद, किंवा वीस ते पन्नास हजार रुपये दंड, किंवा दोन्ही.

त्यानंतरचा काळ आईला सगळ्यात जड गेला. मुलगा तिकडच्या बालगृहात, फोन आठवड्याला. मूल दुसऱ्या जिल्ह्याचं असेल तर चौकशी करून त्याच्या घरच्या समितीकडं सोपवायचं, सोबत माणूस द्यायचा, ही तरतूद बाल न्याय अधिनियमात आहे. पण त्याआधी इथून गृहभेटीचा अहवाल जावा लागतो: घर कसं, आई काय कमावते, परत पाठवलं तर पुन्हा जाणार नाही ना. हा अहवाल लवकर जावा म्हणून मागं लागावं लागलं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला दोन कर्मचारी त्याला घेऊन सांगलीला आले. समितीनं आईकडून हमीपत्र घेतलं आणि मुलगा तिच्या ताब्यात दिला.

तो खूश नव्हता. "बाई, मला कशाला आणलं? सेठ जेवायला चांगलं घालायचा." सकाळी आठपासून रात्री नऊपर्यंत काम, भट्टीच्या वरच्या माळ्यावर झोप, आणि तरी त्याला वाटत होतं की आपण आईचं कर्ज फेडतोय. तेरा वर्षांच्या पोरानं अंगावर घेतलेली ही जबाबदारी मी एका वाक्यात कशी काढून घेणार? मी वाद घातला नाही. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणं त्याला वयाच्या वर्गात, म्हणजे आठवीतच बसवलं, बुडालेला अभ्यास आम्ही तिघं शिक्षक आळीपाळीनं शाळा सुटल्यावर घेत होतो. बोटांवरचे डाग नव्या कातडीबरोबर गेले. खोकला उन्हाळ्यापर्यंत राहिला, ग्रामीण रुग्णालयात छातीचा एक्स-रे काढून घेतला, तो चांगला आला.

उचलीसाठी चुलत्याकरवी निरोप येत राहिले. वेठबिगारी ठरली तर १९७६ च्या कायद्यानं असं कर्ज फेडायची जबाबदारीच संपते. ते ठरवण्यासाठी आईच्या नावानं जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज दिला आहे, निर्णय यायचा आहे. बालकामगार कायद्यात पुनर्वसन निधीही आहे, मालकाकडून वसूल झालेला दंड आणि सरकारचे मुलामागं पंधरा हजार त्यात जमा होतात. त्याचाही पाठपुरावा सुरू आहे, खटलाही तिकडं सुरू आहे.

माझ्या मनाला लागलेली गोष्ट मात्र निराळीच. महाराष्ट्रात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. वडील नसलेल्या मुलासाठी महिन्याला २,२५० रुपये मिळतात. या आईला ते वडील गेल्यापासून मिळायला हवे होते. ते पैसे येत असते तर तिनं उचल घेतली असती का? गावात कुणीच तिला सांगितलं नव्हतं. वडिलांचा मृत्यूदाखला, रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, मुलाचं बोनाफाईड, बँकेचं पासबुक आणि घरासमोर उभं राहून काढलेला फोटो, एवढ्यावर अर्ज झाला. आता दर जूनला मी वर्गातल्या अशा मुलांची यादी करते आणि मुख्याध्यापकांच्या टेबलावर अर्जांचा गठ्ठा ठेवते, दिवाळीच्या आत.

(फोन करायचा असेल तर १०९८, चोवीस तास. पत्ता अर्धवट असला तरी करा.)