रॅम डिस्क: जागा मोकळी, तरी फाइल बसेना

४८६ संगणकावरच्या एमएस-डॉस ६.२२ मध्ये रॅम डिस्क (डिस्कसारखा वापरलेला मेमरीचा तुकडा) आता नीट चालतेय. घोडं अडलं होतं ते असं: डिस्क ४ एमबीची, डिर (फाइलींची यादी दाखवणारी आज्ञा) दिलं की अर्ध्याहून जास्त जागा मोकळी दिसायची, तरी झिप फाइली उलगडणारं पीकेअनझिप मध्येच फाइल बनवता येत नाही म्हणून थांबायचं.

आधी मेमरी तपासली. बूट होताना एफ८ दाबून कन्फिग.सिसची, म्हणजे ड्रायव्हर चढवणाऱ्या फाइलची, एकेक ओळ चालवली. एक्सटेंडेड मेमरी (१ एमबीच्या वरची) सांभाळणारी हायमेम.सिस आधी, रॅम डिस्क बनवणारी रॅमड्राइव्ह.सिस नंतर आणि तिच्या शेवटी /ई, सगळं जागेवर होतं. हायमेम नंतर आली तर रॅमड्राइव्हला एक्सटेंडेड मेमरी मिळत नाही. /ई राहिलं तर ती पहिल्या ६४० केबीतच हात घालते, आणि प्रोग्राम चालतात ते तिथेच.

मग डिस्कवर उतरलेल्या फाइली मोजल्या. दर वेळी ६३.

इथे गाठ सुटली. वेगळं काही सांगितलं नाही तर रॅमड्राइव्ह रूट डिरेक्टरीत (डिस्कच्या सगळ्यात वरच्या फोल्डरमध्ये) फक्त ६४ नोंदींची सोय करते. एक नोंद ३२ बाइटची, म्हणजे ५१२ बाइटचे चार सेक्टर झाले की रूट संपली. त्यातली एक नोंद डिस्कच्या लेबलला, एमएस-रॅमड्राइव्हला, जाते. उरल्या ६३. मग आत कितीही एमबी मोकळे असोत.

नोंदी वाढवता येतात, १०२४ पर्यंत. पण तो तिसरा आकडा आहे, त्यामुळे डिस्कचा आकार आणि सेक्टरचा आकार हे आधीचे दोन्ही लिहावे लागतात: रॅमड्राइव्ह.सिस ४०९६ ५१२ ५१२ /ई. मला मात्र सबडिरेक्टरीचा मार्ग जास्त पटला. सबडिरेक्टरी फाइलसारखी वाढत जाते, तिला ही मर्यादा नाही. बूटच्या वेळी आपोआप चालणाऱ्या ऑटोएक्झेक.बॅटमध्ये फोल्डर बनवणारं एमडी डी:\टेम्प आणि त्याखाली तात्पुरत्या फाइलींची जागा ठरवणारं सेट टेम्प=डी:\टेम्प, बस्स. वीज गेली की डिस्क रिकामी, म्हणून एमडी प्रत्येक बूटला लागतंच.

आता अक्षराचा प्रश्न. रॅम डिस्कला अक्षर नेमून देता येत नाही, हार्ड डिस्कनंतरचं मोकळं अक्षर ती घेते. दुसरं पार्टिशन केलं की डी: ची ई: होणार आणि टेम्प भलत्याच ड्राइव्हवर. विंडोज ९८ च्या स्टार्टअप फ्लॉपीत यासाठीच फाइंडरॅमडी नावाचा छोटा प्रोग्राम आहे. मी लेबलवरून शोधतोय: लेबल दाखवणाऱ्या व्हॉलचं उत्तर पाइपने (एका आज्ञेचं उत्तर दुसरीला पोचवणाऱ्या जोडणीने) मजकूर शोधणाऱ्या फाइंडला द्यायचं, एररलेव्हल (आज्ञेच्या निकालाचा आकडा) शून्य आला की अक्षर सापडलं.

यात दोन गोष्टी सांभाळायच्या. डॉसमधला पाइप स्वतःच टेम्पमध्ये तात्पुरत्या फाइली लिहितो, म्हणून शोधाआधी टेम्प सी: वरच्या फोल्डरकडे वळवलाय. आणि हा शोध सीडी ड्राइव्हला अक्षर देणाऱ्या एमएससीडीईएक्सच्या ओळीच्या वर हवा, नाहीतर रिकाम्या सीडी ड्राइव्हवर अबॉर्ट, रीट्राय, फेल विचारत बूट ताटकळतो. सीडीला /एल:आर देऊन आर: वर बसवली आहे, ती आता हलणार नाही.

पुढचं काम: हीच बॅच फाइल फ्रीडॉसवर (डॉसच्या मोफत पर्यायावर) चालवून बघायची. तिथे रॅम डिस्कचा ड्रायव्हर वेगळा, त्यामुळे लेबल तपासण्याची ओळ बदलावी लागेल.