तुम्ही विचारलंत म्हणून : फीडर नाही, लाल फुलं

ऑगस्टमध्ये घरी येणारं प्रत्येक जण विचारतं, एवढे हमिंगबर्ड येतात तर फीडर कुठला लावलाय? फीडर, म्हणजे या इवल्या पक्ष्यांसाठी टांगतात ते साखरपाण्याचं भांडं, नाहीये हो. ते लाल तुरे आहेत ना, त्याला कार्डिनल फ्लॉवर म्हणतात, मूळचं इथलंच, अमेरिकेतलं, ओढ्याकाठी उगवणारं. आमच्या न्यू जर्सीत जुलैअखेर फुलायला लागतं आणि तुरा खालून वर उमलत जातो म्हणून एक दांडा कितीतरी दिवस पुरतो.

फुलाची नळी लांब, बहुतेक मधमाश्यांची जीभ तळाशी पोचतच नाही, हमिंगबर्डची मात्र बरोब्बर पोचते. तो चोच घालतो तेव्हा वरून आलेलं पुंकेसरांचं टोक त्याच्या डोक्याला पराग लावतं आणि थोड्या दिवसांनी त्याच फुलात, त्याच जागी, पराग घ्यायला स्त्रीकेसर पुढे येतो. मला हे कळलं तेव्हा मी अर्धा तास तिथेच उभी होते. पुण्याहून आई आली होती, ती म्हणाली हा तर आपला शिंजीर! नाही गं, शिंजीर बहुतेक वेळा फांदीवर बसून मध पितो, हा हवेत थांबून, आणि वजन जेमतेम ३ ग्रॅम.

आता खरी गोष्ट. खूप जण सांगतात, लावलं पण दुसऱ्या वर्षी गेलं. फुललेला दांडा मरतोच, पण बुडाशी हिरव्या पानांचे छोटे गोल पुंजके येतात, पुढच्या वर्षीचं झाड तेच. थंडीभर त्यांना उजेड हवा. आमच्याकडे बागकाम करणाऱ्यांनी नोव्हेंबरमध्ये सगळीकडे मल्च, म्हणजे जमीन झाकायचा लाकडाच्या भुशाचा वगैरे थर, जाड पसरलं, एप्रिलमध्ये बघते तर सगळं कुजून काळं. फार वाईट वाटलं. तेव्हापासून पानगळ झाली की मी स्वतः हाताने त्या पुंजक्यांवर पडलेली पानं बाजूला करते. आणि पाणी, जमीन सुकू द्यायची नाही, माझी झाडं छपराचं पाणी उतरतं त्या कोपऱ्यात आहेत. लहान मुलं असतील तर सांगून ठेवा, झाड विषारी आहे, तोंडात घालायचं नाही.

बी धुळीसारखं बारीक. मातीने झाकू नका, उजेडाशिवाय रुजत नाही. मी दुधाच्या रिकाम्या कॅनमध्ये पेरून थंडीत बाहेरच ठेवते, पहिल्या वर्षी नुसती पानं येतात, घाबरू नका.

सप्टेंबरअखेर पक्षी दक्षिणेला जातात, कितीतरी थेट मेक्सिकोचं आखात ओलांडून. तोपर्यंत माझी बोंडं सुकलेली असतात, बी हवं असेल तर कागदाचं पाकीट घेऊन या.