एमआरआय नॉर्मल, मग झटके कसले?

भाचीच्या मेंदूचा एमआरआय नॉर्मल आला तेव्हा ताईने पहिलं काय विचारलं तर, "मग आता गोळ्या बंद ना?" आणि खरं सांगू, मलापण तसंच वाटलेलं.

पोरगी सतरा वर्षांची, बारावीला. सकाळी उठली की हात उडायचे, एकदा तर चहाचा कप सरळ चुलीजवळ जाऊन पडला, आम्ही आपले म्हणतोय धांदरट आहे. मग गणपतीत भजनं नि आरत्या करत तीन रात्री जागली आणि चौथ्या दिवशी पहाटे पडवीत मोठी फिट. कुणी कांदा आणतोय, कुणी चप्पल (असलं काही करू नका, कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा). आधी एका डॉक्टरने ईईजी (मेंदूतल्या विजेचा आलेख) न काढताच कार्बामाझेपिन ही फिटची गोळी दिली, हात अजूनच उडायला लागले. देवाला गाऱ्हाणं घालून झालं, ताईत बांधून झाला, मग साखरप्यावरून आंबा घाट चढून कोल्हापूर गाठलं.

एमआरआयच्या दारात टेक्निशियन म्हणाला ताईत काढा, धातू आत चालत नाही. ताई काढू देईना. शेवटी तिनेच तो मुठीत धरला आणि आत मशीनची ठकठक थांबेपर्यंत बाकावर बसून मूठ उघडली नाही.

स्कॅन स्वच्छ, पण ईईजीत दोन्ही बाजूंना एकदमच स्पाइक, म्हणजे टोकदार लाटा. जुवेनाईल मायोक्लोनिक एपिलेप्सी, म्हणजे किशोरवयात सुरू होणारा, हात उडवणारा फिटचा आजार. डॉक्टर म्हणाले, अशा जनरलाइज्ड (मेंदूच्या दोन्ही बाजूंना एकदम उठणाऱ्या) प्रकारात एमआरआय बहुतेक वेळा नॉर्मलच येतो, तो काढायचा ते गाठ, जुना व्रण, टेपवर्मच्या अळ्या असलं काही नाही ना बघायला. इथे गडबड थॅलॅमस (मेंदूच्या आतला मधला भाग) आणि कॉर्टेक्स (मेंदूचा वरचा थर) यांच्या आपसातल्या सिग्नलची.

भावोजी वायरमन, ते लगेच म्हणाले, "म्हंजे खांब उभे, तारा शाबूत, फक्त लाईट भकभकतेय. फोटोत कशी दिसणार?"

नंतर मी वाचत बसलो. २०१८ साली फिटच्या वेगवेगळ्या प्रकारांचे २१४९ पेशंट आणि १७२७ निरोगी लोकांचे स्कॅन एकत्र करून बघितले, त्यात या जनरलाइज्ड प्रकारच्या पेशंटांचा उजवा थॅलॅमस सरासरीने किंचित लहान निघाला. पण ती सरासरी, एकट्या पोरीच्या फिल्मवर ते डोळ्याला दिसत नाही.

गोळी बदलली, कप हातात राहतोय. यंदा गौरीच्या रात्री तिला दहालाच झोपायला पाठवली, बाहेर फुगड्या चाललेल्या आणि ही आत फुगून बसलेली.