गोळी लागली, पण कशी? एका चार्टचा अनुभव

बी.फार्म. झाल्यावर मी पुण्यात मेडिकल कोडिंगला लागले. काम अमेरिकेतल्या हॉस्पिटलांचं. इमर्जन्सीच्या नोट्स वाचायच्या आणि आयसीडी-१०-सीएमचे, म्हणजे आजार-जखमांच्या ठरलेल्या यादीतले कोड लावायचे. बिलं आणि आकडेवारी त्यांवरच चालते. तिकडे हे कोड १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू झाले. हा अनुभव २०१९चा आहे. पेशंटची ओळख पटेल असं सगळं बदललंय.

चार्ट, म्हणजे पेशंटचा केसपेपर, तसा सोपा होता. तरुण माणूस, उजव्या मांडीत गोळी. रक्तस्राव दाबून थांबवलेला, पायाच्या नाड्या लागतायत. सीटी अँजिओग्राफीत मोठी रक्तवाहिनी शाबूत. गोळीचा तुकडा स्नायूत खोल होता, तो काढण्यात ठेवण्यापेक्षा जास्त नुकसान म्हणून तसाच ठेवला. (गोळी काढलीच पाहिजे, ही सिनेमाची शिकवण.) धनुर्वाताचं इंजेक्शन, जखम धुणं, ड्रेसिंग, कुबड्या, घरी. जखमेचा कोड एस ७१ मध्ये लगेच सापडला: मांडीची पंक्चर जखम, आत फॉरेन बॉडी, पहिली भेट.

अडलं ते पुढे. जखम कशाने आणि कशी झाली, याचा वेगळा कोड लागतो. अपघात असेल तर डब्ल्यू ३४, स्वतःहून केलं असेल तर एक्स ७४, हल्ला असेल तर एक्स ९५, हेतू ठरवता येत नसेल तर वाय २४. बंदूक कुठली हे माहीत नसतानाचे हे कोड. डॉक्टरांच्या नोटमध्ये एवढंच होतं: पेशंट गाडीकडे चालत होता, आवाज आला, पाय भाजल्यासारखा झाला, कोणी दिसलं नाही.

आता वाचणारा कुणीही म्हणेल, कोणीतरी गोळी झाडली. पण कोडरने तर्क लढवायचा नसतो. आमच्या क्लायंटचा नियम तर असा की हेतू फक्त डॉक्टरांच्या नोटमधूनच घ्यायचा. ट्रायेज नर्सने (आल्या आल्या पेशंट किती गंभीर आहे ते बघणारी) काय लिहिलंय ते वाचा, पण त्यावर कोड लावू नका. आपल्याकडे अशा केसपेपरवर एमएलसीचा (मेडिको-लीगल केस) शिक्का पडतो आणि पोलिसांना कळवलं जातं. तिकडेही बहुतेक राज्यांत गोळीची जखम पोलिसांना कळवावी लागते. पण पोलिसांच्या तपासात काय निघालं, ते आमच्या स्क्रीनवर कधीच येत नाही.

या कोडांची अधिकृत गाइडलाइन म्हणते, हेतू माहीत नसेल किंवा लिहिलाच नसेल तर अपघात धरा. म्हणजे डॉक्टर गप्प बसले की झाला अपघात! मला हा नियम कधीच पटलेला नाही. अमेरिकेतल्या संशोधकांनी पूर्ण रेकॉर्ड वाचून कोड ताडून पाहिले, तेव्हा हल्ल्याच्या कितीतरी केसेस अपघात म्हणून नोंदलेल्या सापडल्या. त्याच आकड्यांवर उद्या कुणीतरी बंदुका नीट ठेवण्याच्या मोहिमा आखणार.

टीम लीडचं म्हणणं, ‘डब्ल्यू लाव आणि सोड. बिलाला फरक पडत नाही.’ तेही खोटं नव्हतं. हे कोड देशभर सक्तीचे नाहीत. राज्याने किंवा विमा कंपनीने मागितले तरच सक्तीचे. आणि क्वेरी, म्हणजे डॉक्टरांना लेखी प्रश्न, टाकली की पेशंटचं बिल अडकून राहतं, टॅट (काम पूर्ण करायची ठरलेली मुदत) बिघडतो. तरी मी क्वेरी टाकली.

क्वेरीतून उत्तर सुचवायचं नसतं. ‘हा हल्लाच ना?’ असं विचारलं की क्वेरी बाद. बिलाचा उल्लेखही चालत नाही. मी डॉक्टरांचंच वाक्य जसंच्या तसं उतरवलं आणि खाली विचारलं: ‘आपल्या वैद्यकीय मतानुसार जखमेचा हेतू नोंदवावा: अपघात, स्वतःहून, हल्ला, ठरवता येत नाही, इतर.’ बस्स.

उत्तर यायला वेळ लागला, कारण डॉक्टर शिफ्टवर नव्हते. लीडने दोनदा आठवण करून दिली, मला. शेवटी अ‍ॅडेंडम, म्हणजे मूळ नोटला जोडलेली डॉक्टरांची पुरवणी, आलं: पेशंटचं सांगणं आणि तपासणी यांवरून हेतू ठरवता येत नाही. मी वाय २४ लावून चार्ट बंद केला.

पुढच्या ऑडिटमध्ये तोच चार्ट उचलला गेला आणि एरर पडली. शेरा: ‘हेतू अज्ञात, डब्ल्यू ३४ हवा.’ मी रिबटल, म्हणजे लेखी हरकत, टाकलं. गाइडलाइनच्या विसाव्या प्रकरणातला तोच परिच्छेद दिला, पण पुढच्या ओळीसकट: हेतू ठरवता येत नाही असं रेकॉर्डमध्ये स्पष्ट लिहिलेलं असेल, तरच वाय कोड. सोबत अ‍ॅडेंडमची जागा दाखवली. ऑडिटरने मूळ नोट वाचूनच शेरा मारला होता, अ‍ॅडेंडम खाली स्क्रोल करून बघितलंच नव्हतं. एरर मागे घेतली गेली.

नवीन मुलांना मी एवढंच सांगते: अ‍ॅडेंडम आलं की आधी त्यावर डॉक्टरांची सही आणि तारीख-वेळ आहे का बघा. सही नसेल तर कोड लावू नका, परत पाठवा. आणि क्वेरीचा नंबर कोडिंग कमेंटमध्ये टाका, म्हणजे ऑडिटर खाली स्क्रोल करेल.