आत्याचा ओटा, व्हर्मीरच्या आत्याची गल्ली

नेदरलँड्समधल्या डेल्फ्टहून नाशिकला येताना चॉकलेटं आणि चीज ठरलेलंच. यंदा आत्यासाठी एक पोस्टकार्डही आणलं, डच चित्रकार व्हर्मीरच्या ‘छोटी गल्ली’ या चित्राचं. मूळ चित्र ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे, साधारण १६५८ मधलं. लांबी-रुंदी जेमतेम ५४ बाय ४४ सेंटिमीटर. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझा पाय तिथून निघेना. जुनाट विटांचं घर, भिंतीला गेलेले तडे. दारात शिवणकाम घेऊन बसलेली बाई, बाहेर ओणवी होऊन खेळणारी दोन मुलं, बाजूच्या बोळात कामाला लागलेली आणखी एकजण. बस, एवढंच.

जुन्या नाशकातल्या आमच्या वाड्याच्या ओट्यावर आत्या वाती वळत बसली होती. तिने हात पदराला पुसले, चष्मा कपाळावर सरकवला आणि कार्ड डोळ्यांपाशी नेलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “ही दारात उजेडासाठी बसलीय गं. आत सुई ओवता येत नसणार.”

म्युझियममध्ये मी कानाला यंत्र लावून सगळी माहिती ऐकली होती. सुईचं मात्र माझ्या मनात आलं नव्हतं. आणि आत्या स्वतः कुठे बसली होती? उंबऱ्याबाहेर, जिथे सकाळी नऊपर्यंत ऊन येतं तिथेच. इतकी वर्षं मला वाटायचं, ती गल्लीतली ये-जा बघायला बसते.

मग मी तिला घराची गोष्ट सांगितली. फ्रान्स ग्रायझनहाउट या संशोधकांनी १६६७ च्या कराच्या नोंदी चाळून २०१५ मध्ये मांडलं, की ही जागा डेल्फ्टच्या व्लामिंगस्ट्राटवरची, आजच्या ४० आणि ४२ क्रमांकाची. मी रोज सायकलवरून तिथूनच जाते. चित्रातलं घर आता तिथे उरलेलं नाही. तिथे व्हर्मीरची आत्या राहायची, त्याच्या वडिलांची सावत्र बहीण. नवरा गेल्यावर वजडी विकून तिने पाच मुलं वाढवली. शेजारच्या बोळाचं नावही त्या वजडीवरूनच पडलं होतं.

“पाच पोरं!” आत्या म्हणाली आणि कार्ड पुन्हा डोळ्यांपाशी नेलं. या खेपेला ती फक्त त्या दारातल्या बाईकडे बघत होती.

दुपारी तिचं पुस्तक बदलायला मी सावानात निघाले. १८४० पासूनचं वाचनालय. आमच्या घरात चार पिढ्या तिथून पुस्तकं येताहेत. जिन्यात पुस्तक चाळलं तर मध्ये खुणेला कार्ड. काढून परत द्यायला गेले, तर आत्या वातींवरून मान वर न करता म्हणाली, “राहू दे आतच. पुढे ज्याच्या हातात जाईल, तो बघेल. मला येताना दुसरं आण.”