औषध चालू, तरी पेशींत चरबी

स्तनाच्या कर्करोगाच्या बऱ्याच गाठींमध्ये फॅटी ॲसिड सिंथेस हे एन्झाइम खूप वाढलेले असते. ॲसिटिल-कोए आणि मॅलोनिल-कोए हे लहान रेणू जोडून ते १६ कार्बनचे पामिटेट हे मेदाम्ल (फॅटी ॲसिड) घडवते आणि त्यातून नव्या पेशींची पटले तयार होतात. एन्झाइम अडवले की वाढ खुंटायला हवी. एसके-बीआर-३ या स्तनाच्या कर्करोगाच्या, हर-२ पॉझिटिव्ह (हर-२ हे वाढीला चालना देणारे प्रथिन खूप असलेल्या) पेशींना आम्ही चार दिवस हे एन्झाइम अडवणारे रोधक औषध दिले. पाचव्या सकाळी पाहिले, तर औषधाच्या वेलमध्येही (पेशी वाढवायच्या ताटलीतल्या खळग्यातही) पेशी दाटलेल्या!

आधी संशय औषधावरच गेला. उलगडा चरबीला लाल करणाऱ्या ऑइल रेड ओ रंगाने केला. आयसोप्रोपॅनॉलमध्ये विरघळवून ठेवलेल्या रंगाचे तीन भाग आणि पाणी दोन भाग मिसळून दहा मिनिटे ठेवायचे, मग गाळायचे. न गाळल्यास रंगाचे स्फटिक पडतात आणि ते चरबीचे थेंब वाटतात. पेशी फॉर्माल्डिहाइडने स्थिर कराव्यात. मिथेनॉल चरबीच धुऊन नेते. रंग चढला आणि औषध दिलेल्या पेशींतही लाल थेंब दिसले. आत चरबी बनत नसेल, तर ही आली कुठून?

पेशी ज्या पोषक द्रवात वाढतात, त्या माध्यमातल्या १० टक्के सीरममधून (रक्तातून वेगळ्या केलेल्या द्रवातून). त्यात अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेली मेदाम्ले असतात, चरबी वाहून नेणारी लायपोप्रोटीन असतात. घरची चूल विझवली, पण बाहेरून डबा येतच होता.

मेद काढलेल्या सीरममध्ये प्रयोग पुन्हा लावला. या वेळी औषधाच्या वेलमध्ये पेशी विरळ राहिल्या आणि सोबत पामिटेट दिलेल्या वेलमध्ये सावरल्या. हा शेवटचा वेल वगळू नये. औषध नेमके याच एन्झाइमवर चालते की पेशींना नुसतेच विषारी आहे, ते तिथेच कळते. पामिटेट ७० अंशांवर विरघळवून ३७ अंशांवरच्या मेदमुक्त अल्ब्युमिनमध्ये मिसळायचे, अल्ब्युमिनच्या एका रेणूमागे पामिटेटचे सहा रेणू. थंड पडले की ते गोठते. मात्रा वाढली तर पामिटेटच पेशी मारते, म्हणून नुसत्या अल्ब्युमिनचा आणि औषधाविना पामिटेटचा असे दोन वेल वेगळे हवेत.

गाठीलाही असा डबा मिळतो. स्तनात शेजारच्या मेदपेशी ट्रायग्लिसराइड (साठवलेली चरबी) फोडून मेदाम्ले सोडतात. मेंदूत ही आयती चरबी कमी. म्हणूनच २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील संशोधनात, मेंदूत पसरलेल्या हर-२ पॉझिटिव्ह गाठी या एन्झाइमवर जास्त अवलंबून आढळल्या.