मर्थर ते हायबरी : ब्रिन जोन्सच्या वाटेने

वेल्समध्ये कार्डिफहून मर्थर टिडफिलला जाणारी गाडी टॅफ नदीच्या काठाकाठाने वर चढत जाते. पॉन्टिप्रिड मागे पडलं की दरी आक्रसते, उतारांवर घरांच्या लांबलचक रांगा दिसू लागतात, आणि मर्थर व्हेल स्टेशनशी नदीपलीकडे ॲबरफॅन येतं. १९६६ मध्ये खाणीच्या राडारोड्याचा डोंगर घसरून तिथे १४४ जीव गेले, त्यात ११६ मुलं. मी उतरले नाही. अशा गावात वाटेत सहज डोकावून जाणं मनाला पटेना.

मर्थर हे ब्रिन जोन्सचं गाव. १९१२ चा जन्म, शाळा संपताच खाणीत काम, आणि १९३८ मध्ये ब्रिटनमधला सर्वांत महागडा फुटबॉलपटू. त्याला विकत घेणाऱ्या लंडनच्या आर्सेनल क्लबच्या इतिहासात मात्र त्याची ओळख बहुतेकदा ‘पैसे वाया गेले’ अशीच करून देतात. ते मला फार खुपतं, म्हणून हा प्रवास.

स्टेशनवरून चढ चढून पेनिडॅरन पार्कला पोचले. या मैदानाखाली रोमन किल्ल्याचे अवशेष आहेत. इथल्याच पेनिडॅरन लोखंड कारखान्यातून १८०४ मध्ये रिचर्ड ट्रेव्हिथिकचं वाफेचं इंजिन लोखंड ओढत निघालं होतं. १९८७ मध्ये मर्थरच्या संघाने याच मैदानावर इटलीच्या अटालांटा क्लबला २-१ असं हरवलं. एवढ्याशा मैदानाच्या वाट्याला किती काय!

ब्रिनच्या तरुणपणी मात्र गावाची दैना होती. डाउलेसचा पोलाद कारखाना १९३० मध्ये जवळजवळ बंद पडला आणि घराघरांत बेकारी शिरली. अशा वेळी फुटबॉल म्हणजे पोट भरायचा एक मार्ग होता. ब्रिनचे भाऊही खेळायचे. आयव्हर तर वेल्सकडून खेळला, आणि त्याचाच मुलगा क्लिफ जोन्स पुढे लंडनच्या टॉटनहॅम क्लबचा नामांकित विंगर (कडेने चढाई करणारा खेळाडू) झाला. ब्रिन उत्तर आयर्लंडात ग्लेनॅव्हनकडून खेळला, मग परत दरीत ॲबरअमानला आला. तिथून १९३३ मध्ये वुल्व्हज या इंग्लिश क्लबने त्याला उचललं.

१९३७-३८ च्या मोसमात वुल्व्हज लीगमध्ये दुसरे आले. पहिलं आर्सेनल, फरक एका गुणाचा. आर्सेनलचा ॲलेक्स जेम्स निवृत्त झाला होता आणि त्याची जागा भरायला त्यांनी थेट प्रतिस्पर्ध्याचाच मोहरा उचलला, सुमारे १४,००० पौंड मोजून. त्या काळी खेळाडूच्या पगारावर आठवड्याला ८ पौंडांची मर्यादा होती, उन्हाळ्यात त्याहूनही कमी. म्हणजे ती रक्कम कमवायला ब्रिनला तेहेतीस वर्षांहून जास्त लागली असती. पैसे एका क्लबकडून दुसऱ्याकडे गेले. खाणीतून आलेल्या या अबोल माणसाच्या डोक्यावर आला तो फक्त आकडा.

मर्थरहून मी लंडन गाठलं. पिकॅडिली लाइनवरच्या आर्सेनल स्टेशनात भिंतीच्या टाइल्सवर ‘गिलेस्पी रोड’ हे जुनं नाव अजून आहे. बाहेर पडून ॲव्हनेल रोडला वळलं की आर्सेनलच्या जुन्या मैदानाची, हायबरीच्या ईस्ट स्टँडची पांढरी दर्शनी बाजू समोर येते. आत आता फ्लॅट आहेत आणि मैदानाच्या जागी बाग.

इथे ब्रिनने पोर्ट्समथविरुद्ध पहिल्याच सामन्यात गोल केला. मग सूर हरवला. जरा निवांतपणे खेळावं म्हणून त्याला राखीव संघात उतरवलं, तर तोही सामना पाहायला तीस हजारांच्या वर माणसं आली! निवांतपणा मिळणार कुठून?

दुसरा मोसम सुरू झाला, तीन सामने झाले आणि ३ सप्टेंबर १९३९ ला युद्ध पुकारलं गेलं. लीग थांबली, खेळाडूंचे करार स्थगित झाले, नंतर एका सामन्याचे ३० शिलिंग, म्हणजे दीड पौंड, मिळू लागले. हायबरी हवाई हल्ल्यांपासून बचाव करणाऱ्या पथकांकडे गेलं आणि आर्सेनल चक्क कट्टर प्रतिस्पर्धी टॉटनहॅमच्या मैदानावर खेळू लागलं. बॉम्बहल्ल्यात हायबरीच्या नॉर्थ बँक या प्रेक्षक-स्टँडचं छप्पर गेलं. ब्रिन रॉयल आर्टिलरीत, म्हणजे ब्रिटिश तोफखान्यात होता, उत्तर आफ्रिका आणि इटलीत.

त्याच आर्सेनलचा डेनिस कॉम्प्टन लष्करी नोकरीत महूला आला. मार्च १९४५ मध्ये मुंबईत रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात होळकरांकडून त्याने नाबाद २४९ केल्या. मुंबईकडून विजय मर्चंटने २७८ ठोकल्या होत्या, सामनाही मुंबईचाच. आपल्याकडच्या जुन्या क्रिकेटवेड्यांना ही खेळी माहीत असते, पण तो आर्सेनलचा विंगर होता हे कितीजणांना ठाऊक असेल?

लीग पुन्हा सुरू झाली १९४६ मध्ये. तेव्हा ब्रिन ३४ वर्षांचा होता. युद्ध सुरू झालं तेव्हा २७. फुटबॉलपटूची ऐन उमेदीची वर्षं ती हीच. एका मोसमावरून त्याला अपयशी ठरवणारे ही सात वर्षं कुठल्या खात्यात मांडतात? लढाईत तर आर्सेनलचे नऊ खेळाडू गेले. ब्रिन परतला, १९४९ पर्यंत आर्सेनलमध्ये राहिला, मग नॉर्विच क्लबकडे गेला आणि शेवटी उत्तर लंडनमध्ये त्याने वर्तमानपत्रांचं दुकान चालवलं.

आर्सेनलच्या आताच्या एमिरेट्स स्टेडियमची सहल करणार असाल तर हायबरीसाठी तासभर काढा, चालत दहा-पंधरा मिनिटं लागतात. आणि मर्थरला शनिवारी जा, पेनिडॅरन पार्कवर सामना असेल तर तिकीट काढून आत बसा. क्लब आता चाहत्यांच्याच मालकीचा आहे, तिकिटाचा पैसा गावातच राहतो.